रेस दिली की फट्-फट्: पार्ट बदलण्याआधी आवाज कुठून येतो ते शोधा

गेल्या मे महिन्यात सोलापूरच्या विजापूर रोडचे एक काका छोटी पेट्रोल गाडी घेऊन आमच्या गॅरेजात आले. दुसरीकडे इंजेक्टर साफ करून झाले होते, पेट्रोलचा पंप नवा बसला होता, थ्रॉटल बॉडी धुऊन झाली होती. तरी तुळजापूरच्या घाटात चौघं बसून चढ लागला की गाडी मागून फट्-फट् करायची. तिसऱ्या सिलिंडरचा ठिणगी पाडणारा प्लग बाहेर काढला तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर टोकदार पेन्सिलीनं ओढावी तशी एक बारीक काळी रेघ. करंट त्या रेघेवरून पळून जात होता. प्लग आणि कॉइलचं (प्लगला करंट देणारा भाग) रबर बदललं, आवाज गेला. काकांनी पंपाचं बिल दाखवलं, मी दुसरीकडे बघितलं.

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी असा हा प्रकार आठवड्याला एकदा तरी दिसतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय, तो मोडू नका. पैसे न लागणाऱ्या तपासण्या आधी, पार्ट शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गाडी नीट होईल पण कशानं झाली ते कळणार नाही आणि दोन महिन्यांनी परत तिथंच याल.

तयारी

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो, दुपारी बॉनेट उघडलं तर हात भाजतोच, शिवाय गरम अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडमधून प्लग काढताना आटे निघून येतात. सकाळी सहाची वेळ उत्तम. रस्ता मोकळा असतो आणि आवाजही ऐकू येतो.

जवळ ठेवायच्या गोष्टी: तुमच्या प्लगच्या मापाचा रबर बसवलेला प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), टॉर्क पाना (किती घट्ट झालं ते दाखवणारा) असला तर उत्तम, उजेडाची बॅटरी, जाड हातमोजे, वीतभर रबरी नळी, पाण्याची फवारणीची बाटली, खडू किंवा मार्कर, आणि ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा). स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि तो नसेल तर पुढचं अर्धं काम अंदाजपंचे होतं. त्याचा पोर्ट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली असतो. हा पोर्ट आला बीएस-४ या धुराच्या नियमांबरोबर. देशभर बीएस-४ लागू झालं २०१७ मध्ये, पण सोलापूर २०१० च्या पहिल्या शहरांच्या यादीतच होतं. त्यामुळं एमएच १३ पासिंगची जुनी गाडी असली तरी खाली वाकून एकदा बघा.

एक माणूस सोबत घ्या. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. चालवणाऱ्याचे कान भरवशाचे नसतात.

⚠ बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून तपासणी करू नका. सायलेन्सर गळत असो वा नसो, धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड तिथंच साठतो आणि त्याला वास नसतो.

टप्पा १: आवाज नेमका कुठला?

उभ्या गाडीला रेस देऊन बघणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. उभ्या गाडीत इंजिनवर भार नसतो. भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमजोर कॉइल किंवा प्लग तिथं उघडा पडतो. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास जा, मग अ‍ॅक्सिलेटर निम्म्याच्या वर दाबा. हलका चढ मिळाला तर फारच छान. चौकात किंवा भर गर्दीत हे करू नका.

सोबत्यानं काच खाली घेऊन एवढंच ठरवायचं:

मागून, सायलेन्सरमधून जाड फट्-फट् येते आणि गाडी झटके मारते, म्हणजे मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही). न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतंय. टप्पा ३ कडे जा.

पुढून, एअर फिल्टरच्या डब्यातून फुस्-फट् येते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, किंवा ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय, किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सीएनजीवाल्यांना हा आवाज चांगला ठाऊक असतो.

बॉनेटखालून भराभर पट्-पट्-पट्, रेस वाढेल तशी वाढणारी, पण पिकअप बरा. हा बहुतेक वेळा मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाईप) गॅस्केट गळल्याचा किंवा प्लग ढिला राहिल्याचा आवाज.

पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट, तोही मोठ्या गिअरमध्ये कमी वेगावर, म्हणजे नॉकिंग. त्याचा मिसिंगशी संबंध नाही. आधी गिअर खाली टाका. जात नसेल तर कूलंट आणि पंखा तपासा, उन्हाळ्यात इंजिन तापूनही असं होतं.

वळताना चाकाजवळून टक्-टक्, किंवा क्लच सोडताना एकदाच ठप्प, तर इंजिनाला दोष देऊ नका. पुढचा टप्पा त्याचाच आहे.

फट्-फट् रेस सोडल्यावर होते की दिल्यावर, हेही लिहून ठेवा. फक्त सोडल्यावर होत असेल तर बहुतेक वेळा सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते.

टप्पा २: इंजिनाबाहेरचे संशयित आधी निकाली काढा

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू रेस देत गोल फिरा. मग दुसऱ्या बाजूनं. टक्-टक् आली तर एक्सलचा बाहेरचा जॉईंट गेलाय. चाकाच्या आत बॅटरी मारा, बूट (जॉईंटवरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल तर बूट व ग्रीस बदलून भागतं. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

इंजिन फाउंडेशनचं रबर तुटलं असेल तर गाडी सुटताना इंजिन हिसका घेतं. बॅटरीच्या उजेडात रबराला भेगा दिसतात. चालू इंजिनासमोर उभं राहून कुणाला क्लच सोडायला लावू नका.

सायलेन्सरची गळती थंड इंजिनावरच सापडते, कारण लोखंड तापून फुगलं की फट बुजते. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करा आणि मॅनिफोल्डपासून मागं जोडांवर काळे काजळीचे पट्टे शोधा. मग सोबत्यानं जाड फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबायचं. गळती असेल तर फिस्स् आवाज तिथून मोठ्यानं येतो.

✔ इथवर काही सापडलं नाही तरच पुढं जा.

टप्पा ३: स्कॅनर लावा, पण कोड लगेच पुसू नका

आधी फोटो काढा, मग पुसा. कोड पुसून आलेलं गिऱ्हाईक म्हणजे नाडी बघण्याआधीच औषध घेऊन आलेला पेशंट.

पी०३०१ ते पी०३०४ यातला शेवटचा आकडा मिसिंग करणारा सिलिंडर सांगतो. पी०३०० म्हणजे एकच असा सिलिंडर नाही, तेव्हा पेट्रोलचा दाब, हवेची गळती अशा सामाईक गोष्टींवर संशय घ्या. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी.

इथं एक फसवा खड्डा आहे. मिसिंग होतं तेव्हा न वापरलेला ऑक्सिजनही सायलेन्सरमध्ये जातो, आणि सेन्सर तो बघून ‘पेट्रोल कमी’ असं सांगतो. म्हणून पी०३०३ आणि पी०१७१ एकत्र आले तर आधी तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग काढा. ऑक्सिजन सेन्सर विकत घेऊ नका. बऱ्याचदा दुसरा कोड आपोआप जातो.

लाईव्ह डेटामध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा) बघून ठेवा. तो +१० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर टप्पा ५ व ६ महत्त्वाचे.

⚠ चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतोय म्हणजे कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा) जळतंय आणि तो प्रचंड तापतोय. रेस कमी करा, गाडी बाजूला घ्या. आणि कृपा करून ती शेतात वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ लावू नका.

टप्पा ४: प्लग आणि कॉइल

रेस दिल्यावरच्या फट्-फटीचा उगम माझ्याकडं आलेल्या पेट्रोल गाड्यांत सर्वाधिक इथंच निघालाय, म्हणून इथं घाई नको.

*१. खाच आधी बघा, प्लग नंतर.* इग्निशन बंद, चावी खिशात. कॉइलवर खडूनं १, २, ३, ४ लिहा. कॉइल सरळ वर ओढा, वायरीला धरून नाही. आता प्लगच्या खोल खाचेत बॅटरी मारा. पाणी दिसतंय? दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात फटफटणाऱ्या गाड्या उभ्या. वॉशिंगवाला बॉनेटखाली प्रेशरनं पाणी मारतो, ते खाचेत साठतं, करंट पाण्यातून पळतो. हवा मारून कोरडं करा, काम झालं. ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गेलंय. ते न बदलता नवे प्लग बसवले तर कॉइलचं रबर फुगून परत तेच.

*२. खाच साफ करूनच प्लग सोडा.* हवा मारल्याशिवाय प्लग काढला तर खाचेतली माती सिलिंडरमध्ये पडते. आपल्याकडं माती कमी नाही.

*३. प्लग ओळीनं मांडा आणि वाचा.* भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा फिकट तपकिरी रंग, म्हणजे ठीक. खडूसारखा पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा जास्त तापतंय. कोरडी काळी काजळी, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलनं ओला, म्हणजे ठिणगीच नाही. तेलकट काळा, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. चारांतला एकच वेगळा असेल तर सिलिंडर सापडला.

*४. पांढरी चिनी माती नखानं चाचपा.* उभी काळी रेघ किंवा केसाएवढी भेग असेल तर प्लग बाद. कॉइलचं रबरही उलटून आतून बघा, तिथं त्याच जागी रेघ असते. दोन्ही एकत्र बदला. जुनं रबर ठेवलंत तर त्यातली रेघ नव्या प्लगवर उमटते आणि लोक म्हणतात, ‘नवा प्लग डुप्लिकेट निघाला.’ कधीकधी तो डुप्लिकेट असतोही. खोक्यासकट, ओळखीच्या दुकानातून घ्या.

*५. गॅप (प्लगच्या टोकांमधली फट) मोजा.* गाडीच्या पुस्तकात दिलेलं माप पाळा, ते साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. झिजून गॅप वाढला की भाराखाली ठिणगी पडत नाही. इरिडियम प्लगचं टोक सुईसारखं बारीक असतं, त्यात गेज खुपसून वाकवू नका. खाली फरशीवर पडलेला नवा प्लग वापरू नका, वरून धड दिसला तरी आतून तडकलेला असू शकतो.

*६. बसवताना रबरी नळी वापरा.* नळीचा तुकडा प्लगच्या टोकावर चढवा आणि बोटांनी फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, आटे वाचतात. पान्यानं सुरुवात केली तर ती सोय नाही, हेड मात्र जातं. हातानं टेकल्यावर पुस्तकातल्या टॉर्कला घट्ट करा. टॉर्क पाना नसेल तर वायसर असलेला नवा प्लग टेकल्यानंतर अर्धा ते पाऊण फेरा पुरतो. ढिला ठेवला तर दाब निसटून पट्-पट् येते, अति पिळला तर आटे जातात.

*७. कॉइलची अदलाबदल.* कोड पी०३०१ असेल तर १ ची कॉइल ३ वर, ३ ची १ वर. कोड पुसा, त्याच रस्त्यावर त्याच गिअरमध्ये फिरून या. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टरची. फुकटात होणारी एवढी खात्रीची तपासणी दुसरी नाही, आणि तरीही लोक चारही कॉइल नव्या घेतात!

जुन्या गाडीत लांब प्लग वायरी असतील तर अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी बदला. हात लांब ठेवा, तिथं हजारो व्होल्ट असतात. सर्व्हिसिंगनंतर लगेच फट्-फट् सुरू झाली असेल तर वायरी उलटसुलट लागल्यात का ते बघा. बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो.

✔ फट्-फट् गेली? थांबा. पुढचं काही उघडू नका, थेट टप्पा ८ करा.

टप्पा ५: हवा

एअर फिल्टर उन्हाकडं धरा. पलीकडं उजेड दिसत नसेल तर बदला. डब्याचे चाप नीट लागलेत का बघा, अर्धवट बसलेला डबा धूळ आणि न मोजलेली हवा दोन्ही आत घेतो.

फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा जाड रबरी पाईप हातानं वाकवून घड्यांच्या आत बघा. वरून धड दिसणाऱ्या पाईपच्या घडीत चीर असते, आणि रेस दिल्यावर इंजिन हललं की ती उघडते. बारीक व्हॅक्यूम नळ्यांवर इंजिन चालू असताना पाण्याचा हलका फवारा मारा, कॉइल आणि वायरींपासून दूर. आवाज किंवा आयडलिंग बदललं तर तिथं गळती. यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर फवारणारे पुष्कळ आहेत. तापल्या मॅनिफोल्डवर तो पेट घेतो, म्हणून मी तो वापरत नाही.

नळ्या बघताना वायरीही बघा. घरात ज्वारीची पोती आणि दारात गाडी असेल तर उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात. इंजेक्टरची कुरतडलेली वायर भाराखाली अगदी कॉइलसारखं नाटक करते.

टप्पा ६: पेट्रोल

फट्-फट् टाकी भरल्यापासून सुरू झाली का, हे आठवा. थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून, आगीपासून लांब, तासभर ठेवा. तळाला वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर पाणी आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेलं उसाचं इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की त्याच्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन खाली बसतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला शिव्या देणं बरं दिसत नाही, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मात्र त्यासाठी एकदा तपासून घ्या.

पंपाचा दाब गेज लावूनच मोजायचा, तोही गाडी भाराखाली असताना. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा. उभ्या गाडीत दाब बरोबर आणि रेस दिल्यावर पडत असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. नेहमी राखीववर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर थकतात, कारण पंपाला थंड ठेवतं ते पेट्रोलच.

⚠ पेट्रोलची लाइन दाबाखाली सोडू नका. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग हात लावा. हे जमणार नसेल तर हा टप्पा गॅरेजवर सोडा.

सीएनजी गाडी असेल तर आधी एकच करा: त्याच चढावर एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर चालवा. दोन्हीवर फट्-फट् असेल तर टप्पा ४ परत वाचा. फक्त गॅसवर असेल तरीही प्लग आधी, कारण गॅसला पेटवायला ठिणगी जास्त दमदार लागते. गॅप पुस्तकातल्या मापाच्या खालच्या टोकाला ठेवा. त्यानंतर गॅसचा फिल्टर, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा) आणि ट्युनिंग. भरलेल्या टाकीत दाब २०० बारच्या आसपास असतो, त्यामुळं गॅसच्या नळ्यांना घरी पाना लावायचा नाही, विषय संपला. एअर फिल्टरच्या डब्यात फटका बसला असेल तर डबा तडकलाय का तेही बघा.

डिझेलवाल्यांना प्लग-कॉइलचा प्रश्नच नाही. त्यांनी टर्बोचा पाईप निसटलाय का आणि इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर गळतोय का, एवढं बघावं. वायसर गळत असेल तर इंजेक्टरभोवती डांबरासारखं काळं साठतं.

टप्पा ७: अजूनही फट्-फट् असेल तर

आता गॅरेज. पण काय मागायचं ते ठरवून जा. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजायची तपासणी) मागा. एका सिलिंडरचं माप कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजायला सांगा. माप वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. गॅसवर खूप चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आत बसत-बसत टॅपेटचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं) अंतर संपतं, नुसतं अंतर लावूनही काम होऊ शकतं. हेड उघडायची भाषा सुरू होण्याआधी हे विचारा. टायमिंग चेन ओढली गेली असेल तर थंडीत सुरू करताना पुढून खळखळ येते.

गाडी ओढत नाही आणि वेग वाढतच नाही असं असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का बघायला सांगा. मात्र मिसिंग न काढता नवा बसवू नका, तोही जळेल.

टप्पा ८: काम झाल्याची खात्री

कोड पुसा. पहिल्या टप्प्यात फट्-फट् झाली होती त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तेवढीच माणसं बसवून जा. ‘गॅरेजसमोर रेस दिली, आवाज नाही’ याला खात्री म्हणत नाहीत. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर स्कॅनरमध्ये पेंडिंग कोड बघा, दिवा पेटायच्या आधी कोड तिथं येतो.

काढलेले प्लग टाकू नका. कुठला कुठल्या सिलिंडरचा ते चिकटपट्टीवर लिहून, तारीख आणि किलोमीटर टाकून डिकीत ठेवा. काकांचा तो रेघ असलेला प्लग मी मागून घेतलाय, गॅरेजच्या टेबलावर खिळ्यांच्या डबीत आहे. कुणी आल्या-आल्या पंपाचं नाव काढलं की आधी तो हातात देतो.